परवाना थोरल्यांचा, हाक धाकट्याला

थोरल्या जावयांनी दिवा लावला की घरात नुसता उजेड पडायचा. धाकट्यानं लावला की माणसं हसायची, कौतुक करायची, बसवून घ्यायची. काम तेच, वायर तीच, स्विचही एकाच दुकानातले. हे थोरले गेली वीस वर्षं डोळ्यांनी पाहत होते आणि वीस वर्षांत त्यांना ते एकदाही गोड लागलं नव्हतं.

दोघं एकमेकांचे साडू. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, आणि धंदाही एकच, घरोघरी विजेची कामं करण्याचा. सासूबाई गावभरचे पडदे शिवून द्यायच्या. त्यांच्याकडे खिडकीचं माप घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला दोन्ही जावयांची खडान्‌खडा माहिती फुकटात मिळायची. त्यामुळे गावानंही त्यांना थोरले आणि धाकटा हीच नावं चिकटवून टाकली होती.

धाकट्याला त्या घरात आणलं होतं तेही थोरल्यांनीच. तेव्हा तो त्यांच्या हाताखाली होता. सासूबाईंच्या बाहेरच्या खोलीचं वायरिंग बदलायचं होतं, म्हणून थोरले त्याला सामान उचलायला बरोबर घेऊन गेले. त्यानं सामान उचललं, सासूबाईंचं कुरकुरणारं शिलाईमशीन जाता जाता सरळ केलं, आणि थोरल्यांच्या मेव्हणीला इतकं हसवलं की तिला उचकी लागली. वर्षाच्या आत तो जावई होऊन बसला. पुढे सहा वर्षं हाताखाली काढून त्यानं स्वतःचा धंदा टाकला, तोही चार गल्ल्या सोडून. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं थोरले बायकोला अजून ऐकवायचे. बायको म्हणायची, "धोंडा कसला, माझ्या बहिणीचा नवरा आहे तो."

सासूबाई थोरल्यांना जावईबापू म्हणायच्या. ते आले की खुर्ची पुसायच्या, कपाटातला कानवाला चांगला कप काढायच्या, तब्येतीची चौकशी करायच्या. धाकटा आला की जिन्यातच ओरडायच्या, "पाय पूस आधी, मेल्या! आत्ताच लादी पुसलीय." गावातल्या कुठल्याही जावयाला थोरल्यांचा हेवा वाटला असता. थोरल्यांना हेवा वाटायचा तो त्या 'मेल्या'चा.

असं सगळं चाललं होतं आणि मग विजेची कामं करणाऱ्यांसाठी राज्यभर एकच सरकारी परवाना निघाला.

त्याआधी गावाची कचेरी आपला एक साधा कागद द्यायची. दोन जुन्या कॉन्ट्रॅक्टरांनी 'माणूस बरा आहे' म्हटलं की काम सुरू. पण राजधानीत एका हॉटेलाला वायरिंगमुळे आग लागली, माणसं गेली, आणि सरकारनं ठरवलं की आता हे बस झालं. परीक्षा राजधानीत, वर्षातून एकदा. भरभक्कम फी, वर विमा. शिवाय एखाद्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली पाच वर्षं काम केल्याचा, त्याच्याच सहीचा दाखला. परवाना नसलेल्यानं कुणाच्या घरी साधा प्लगसुद्धा बदलायचा नाही. त्याला काम करायचंच असेल तर परवानेवाला तिथे जातीनं हजर पाहिजे, काम संपेपर्यंत.

कायदा पक्का होण्याआधी राजधानीहून एक साहेब गावाचं म्हणणं ऐकायला आले होते. सभागृह भरलं होतं. थोरले इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि चांगली दहा मिनिटं बोलले. लोकांच्या जिवाशी खेळ चाललाय म्हणाले. कुणीही उठतो आणि पक्कड हातात घेतो म्हणाले. हे बोलताना त्यांनी धाकट्याकडे पाहिलं नाही, पण तो कुठल्या रांगेत बसलाय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग वाचनालयाच्या बाई उठल्या. "परीक्षा घ्या, परवाने द्या, माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या माझ्या वाचनालयातला दिवा गेला, तर यायला गावात किती जण उरतील? आणि येतील कधी?"

"सुरक्षिततेची किंमत मोजावी लागते, बाई," साहेब म्हणाले.

"ती मोजणार कोण, तेवढंच विचारतेय मी."

साहेबांनी पुढच्या माणसाला बोलायला सांगितलं. बाई खाली बसल्या. थोरल्यांच्या भाषणाला टाळ्या पडल्या होत्या आणि बाईंच्या प्रश्नाला पडल्या नव्हत्या, म्हणून थोरले खुशीत घरी गेले.

ते खोटं बोलले असं कुणी म्हणू नये. जळके जोड त्यांनी जन्मभर पाहिले होते, भिंतीत गाडलेल्या उघड्या तारा पाहिल्या होत्या. पण माणूस नुसत्या खऱ्यासाठी दहा मिनिटं बोलत नाही. धाकट्याकडे गावाच्या कागदाशिवाय काहीच नव्हतं आणि नवा कायदा आला की तो घरी बसणार होता. ते एवढं एकच चित्र डोळ्यांपुढे ठेवून थोरल्यांनी शर्टाला इस्त्री केली होती.

थोरले पहिल्या फटक्यात पास झाले. परवाना चौकटीत घालून त्यांनी दुकानात खुर्चीच्या बरोबर वर लावला. गावातले बाकीचे मात्र गळाले. एका म्हाताऱ्या कॉन्ट्रॅक्टरनं या वयात परीक्षा कसली म्हणून पक्कड खुंटीला टांगली. दोघे भाऊ शेजारच्या राज्यात निघून गेले, तिथे कुणी काही विचारत नव्हतं. एक कारखान्यात चिकटला. धाकट्याला बेकरीची गाडी चालवायची नोकरी मिळाली. सगळ्या गावात परवानेवाले उरले एकटे थोरले.

आता लोक जातील कुठे, असं त्यांना वाटलं होतं. आणि खरंच, कुणी कुठे गेलं नाही. फोन सकाळी दात घासायच्या आत सुरू व्हायचा. पण पलीकडचा माणूस म्हणायचा काय? "तुम्हीच येता का? धाकट्याला आता चालत नाही ना?" थोरल्यांचा तिळपापड व्हायचा. ते "नाही चालत" म्हणायचे आणि नाव यादीत घालायचे.

यादी वाढत गेली. आठवड्याचं काम महिन्यावर गेलं, महिन्याचं तीन महिन्यांवर. परीक्षेची फी आणि विमा कुठूनतरी काढायचाच होता, म्हणून दरही चढले. लोक थोरल्यांच्या नावानं बोटं मोडायला लागले. शाळेचं नवं सभागृह बांधून तयार होतं, पण थोरल्यांना तपासायला वेळ नाही म्हणून तिथे वीज नव्हती, आणि मुलं खिडक्यांशी दाटीवाटीनं बसायची. वाचनालय दिवस मावळला की बंद व्हायचं. न्हाव्यानं शेजारच्या बाल्कनीतून स्वतःच एक तार ओढून आरशावर बल्ब टांगला आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, मान हलवू नका, वस्तऱ्यापेक्षा वरच्याची भीती आहे. परवाना लोकांच्या जिवासाठी निघाला होता आणि लोक जीव मुठीत धरून घरच्या घरी तारा पिळत होते.

हे सगळं थोरल्यांना दिसत होतं. पण त्यांना जास्त खुपत होती ती बेकरीची गाडी. धाकटा सुकेल, पडेल, निदान थोडा गप्प तरी होईल, असं त्यांना वाटलं होतं. तो काही सुकला नाही. सकाळी पाव घेऊन तो ज्या ज्या दारात थांबायचा, तिथे तिथे हसणं फुटायचं. थोरले त्याच दारातून दिवसभर राबून बाहेर पडले तर लोक पैसे हातावर ठेवून दार लावून घ्यायचे. पावाच्या गाडीचा हेवा करणारा राज्यातला पहिला परवानाधारक कॉन्ट्रॅक्टर कोण, असं कुणी विचारलं असतं तर थोरल्यांना हात वर करावा लागला असता.

एक दिवस ती गाडी थोरल्यांच्या दुकानापुढे थांबली. धाकटा आत आला आणि त्यानं एक छापील कागद टेबलावर ठेवला. अनुभवाचा दाखला होता.

"दादा, परीक्षेला बसतोय," तो म्हणाला. "तुमच्या हाताखाली सहा वर्षं काढली, तेवढं लिहून सही करा. दुसरं कोण देणार मला? आणि हा तुम्हीच परस्पर पाठवायचा म्हणे, माझ्या हातात द्यायचा नाही. महिनाअखेरच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर वर्ष गेलं."

"अभ्यास झेपेल?" थोरल्यांनी विचारलं.

"न झेपायला काय झालं? पाव वाटताना पुस्तक मांडीवर असतं." तो हसला. "आणि तोवर हवं तर मला हाताखाली घ्या. तुम्ही नुसते बसून राहा, काम मी करतो. तुमची यादी तरी हलेल. लोक फार वैतागलेत हो."

"ठेव. बघतो," थोरले म्हणाले.

त्यांनी कागद टेबलाच्या खणात टाकला. सही करायला किती वेळ लागतो? पेनाचं टोपण काढायला जेवढा लागतो तेवढा. थोरल्यांनी पेन दोनदा काढलंही. पण पेन काढलं की त्यांना पुढचं सगळं दिसायला लागायचं. धाकटा पास होणार. त्याचाही परवाना चौकटीत लागणार. मग फोन पुन्हा तिकडे जाणार, बायका पुन्हा त्यालाच बसवून घेणार, आणि आपण पुन्हा नुसता उजेड पाडत फिरणार. आता लोक शिव्या देतात, पण येतात तरी आपल्याकडे. थोरल्यांनी टोपण लावलं. महिना अजून पुष्कळ बाकी होता.

त्याच सुमाराला थोरल्यांच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि बायको तिच्याकडे दूरच्या गावी गेली. ती गेल्यावर दोन दिवसांनी सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, स्वयंपाकघरातलं सगळंच गेलंय हो. दिवा नाही, प्लग नाही. जमेल तेव्हा बघा."

"उद्याच येतो, आई."

"नको नको. यादीत घाला. सासूकडे आधी गेलात म्हणून लोक तुम्हाला नावं ठेवतील. माझं काय, मी एकटी बाई. रांगेनंच या."

खरं म्हणजे थोरल्यांचा ऊर भरून यायला हवा होता. पण त्यांना शंका आली. गरज असलेलं माणूस इतकं शांत बोलतं का? एवढी घाई का नाही हिला? त्यांनी यादीत तळाला 'आई' असं लिहिलं आणि ती शंका डोक्यात घोळवत बसले.

चार दिवसांनी संध्याकाळी ते सासूबाईंच्या गल्लीवरून जात होते. वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड. थोरले रस्त्यात थबकले. म्हणजे धाकटा येऊन गेला तर! परवाना नाही, काही नाही, नाकावर टिच्चून काम करून गेला. आणि बाई आपल्याला म्हणतात, रांगेनं या. यादीत नाव घातलं ते नुसतं आपलं मन राखायला. त्या रात्री ते घरी जाऊन जेवलेसुद्धा नाहीत.

खरं तर जिना चढून वर जायचं, एवढंच करायचं होतं. पण हेवा करणाऱ्याला शहानिशा नको असते. वर जाऊन धाकट्यानं केलेला जोड पाहायचा, तो चांगला आहे हे दिसायचं, आणि वर सासूबाईंनी कानवाल्या कपात चहा द्यायचा, हे त्यांच्यानं झालं नसतं.

पुढच्या आठवड्यात धाकटा रस्त्यात भेटला. गाडी थांबवून खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "दादा, आईकडचं तेवढं बघा ना. फार दिवस झाले."

काय बेरकी आहे, थोरल्यांना वाटलं. स्वतः करून मोकळा झाला आणि वर आपल्यापुढे साळसूदपणा.

"रांगेत आहे," ते म्हणाले.

"रांगेत आहे ते खरं, पण आईच ती. कधी येईल नंबर?"

"येईल तेव्हा येईल."

धाकटा काहीतरी बोलणार होता, पण मागून भोंगे वाजले आणि तो गेला. रात्री बायकोचा फोन आला. बाळाचं वजन सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "आईकडे गेलात का हो? तिचा दिवा गेलाय म्हणत होती."

"झालंय ते काम," थोरले म्हणाले.

"बरं झालं. मला काळजी लागली होती."

दाखला खणातच होता. आता थोरल्यांना कारणही सापडलं होतं. जो माणूस परवाना नसताना सर्रास कामं करतो, त्याच्यासाठी आपण सरकारला दाखला कसा लिहून द्यायचा? हे त्यांनी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं की त्यांना ते तत्त्वच वाटायला लागलं. महिनाअखेर आली आणि गेली. त्या दिवशी थोरल्यांनी खण उघडलाच नाही. धाकटा समजत होता की दाखला केव्हाच पोचला.

त्यानंतर आठवडाभरानं, सकाळची वेळ. थोरले न्हाव्याच्या दुकानात ती बाल्कनीतली तार उतरवत होते आणि मेव्हणीचा फोन आला. ती रडत होती. आईच्या घरात वायर जळली, आईचा हात भाजला, हे पाव घेऊन गेले होते म्हणून बरं, ते तिला गाडीत घालून हॉस्पिटलात घेऊन गेलेत.

"कुठली वायर?" थोरल्यांनी विचारलं.

"ती हो, बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात ओढलेली. इतके दिवस तिच्यावरच तर चाललं होतं सगळं."

थोरले सासूबाईंच्या घरी पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास जिन्यापर्यंत आला होता. बाहेरच्या खोलीतल्या प्लगपासून एक लांब वायर निघाली होती, चटईखालून, उंबऱ्यावरून, स्वयंपाकघरात. तिच्या टोकाला किटली, शेगडी आणि खिडकीत ठेवलेला टेबलावरचा छोटा दिवा. रस्त्यावरून दिसलेला उजेड तो.

काय झालं ते पाहून कुठल्याही वायरमनला कळलं असतं. किटली आणि शेगडीचा भार त्या एका वायरवर पडला, प्लग तापला, धुमसायला लागला. मेन स्विच खाली जिन्यात, आणि सासूबाईंचे गुडघे धरलेले. दुसऱ्या कुणाची सासू असती तर ओरडत बाहेर पळाली असती. या बाई दोन वायरमनांच्या सासू. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, आधी प्लग उपटायचा, हे दोन्ही जावयांनी त्यांना वर्षानुवर्षं पढवलेलं. त्यांनी शहाण्यासारखं पाणी टाकलं नाही. त्यांनी वितळणारा प्लग उजव्या मुठीत धरून उपटला.

थोरल्यांनी मेन बंद केला आणि स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड उघडायला घेतला. स्क्रूंवर मागच्या रंगकामाचा रंग बसला होता, अख्खाच्या अख्खा, कुठेही टवका नाही. त्या बोर्डाला कितीतरी वर्षांत कुणीही हात लावला नव्हता. आत एक तार जळून जागची सुटली होती. थोरल्यांनी ती कापली, सोलली, पुन्हा कसली. चहा निवायच्या आत काम संपलं. मग ते तिथेच सासूबाईंच्या स्टुलावर बसले.

हॉस्पिटलात सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत पांढऱ्या पट्टीत होता.

"जावईबापू, तुम्ही कशाला आलात काम टाकून?" त्या म्हणाल्या. "लोक खोळंबले असतील."

"आई, मला परत एक फोन का नाही केलात?"

"रांगेत होते ना मी."

"मग त्याला तरी सांगायचं." थोरले म्हणाले. "मला वाटलं, त्यानं कधीच करून दिलं असेल."

"तो? तो रोज पाव घेऊन यायचा आणि रोज खिशातून स्क्रूड्रायव्हर काढायचा. मीच हाकलायची. एकदा तर मापाची लाकडी पट्टी उगारली मेल्यावर."

"का पण?"

सासूबाईंनी खिडकीचं माप सांगावं इतक्या सरळपणे सांगितलं, "त्याचा कागद तुमच्याकडे सहीला होता. त्यानं माझ्या घरी हात लावला असता आणि तुम्हाला कळलं असतं, तर सही न करायला निमित्त मिळालं असतं तुम्हाला. तुमचा स्वभाव मला काय माहीत नाही? म्हटलं, थोडे दिवस अडचणीत काढू, पण पोराचं वर्ष वाया जायला नको." त्यांनी पट्टीतला हात डाव्या हातानं जरा वर उचलून ठेवला. "झाली ना सही?"

थोरल्यांना हो म्हणता आलं असतं. कुणी लगेच तपासायला जाणार नव्हतं. पण तो हात त्यांच्यासमोर होता, आणि त्याच हातानं त्या पडदे कापायच्या.

"नाही, आई. मुदत मागच्या आठवड्यात गेली. कागद खणातच आहे माझ्या."

सासूबाईंनी पट्टीतल्या हाताकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या, आणि पलीकडच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या नर्सला त्यांनी हाक मारली आणि पाणी मागितलं. थोरल्यांच्या हाताशीच तांब्या होता. पण त्यांच्याकडे सासूबाईंनी पाणी मागितलं नाही.

धाकटा खाली गाडीपाशी उभा होता. सकाळचे पाव अजून मागे तसेच होते.

"तुझा दाखला मी पाठवला नाही," थोरले म्हणाले. एवढं वाक्य त्यांनी जिन्यात तीनदा म्हणून पाहिलं होतं.

धाकट्यानं आधी नीट ऐकू आलं नाही असं दाखवलं. मग म्हणाला, "विसरलात?"

त्याच्या आवाजात अजून जागा होती. तिथून निसटता आलं असतं.

"नाही. विसरलो नाही."

धाकट्याचं तोंड उतरलं. त्या तोंडावरचं हसू एकदा तरी विझावं म्हणून थोरल्यांनी वीस वर्षं मनात त्याच्या नावानं खडे फोडले होते. ते आता विझलं, त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि त्यांना वाटलं होतं तसा काही गारवा वाटला नाही.

"काय कमी आहे हो तुम्हाला?" धाकटा म्हणाला. "परवाना तुमचा. गाव तुमच्या दारात उभं आहे. मी पाव विकतोय."

"सगळे तुलाच हाक मारतात," थोरले म्हणाले. पन्नाशीच्या माणसाच्या तोंडी ते फार लहान वाटलं, पण दुसरं काही खरं नव्हतं.

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

धाकट्यानं गाडीच्या टपावर जोरात हात आपटला. वॉचमननं वळून पाहिलं.

"दाखला आज लिहितो," थोरले शेवटी म्हणाले. "पुढच्या वर्षीसाठी पोचेल. तोवर सोमवारपासून माझ्याबरोबर चल. माझ्या परवान्यावर काम तू कर. मी तिथे हजर पाहिजे, तर हजर राहीन. यादीतली पहिली वाचनालयाची बाई."

"जमेल तुम्हाला?" धाकट्यानं विचारलं. त्यात थट्टा नव्हती. "दिवसभर बसावं लागेल. आणि लोक माझ्याशीच बोलतील, दादा. ते मी कसं थांबवू?"

"नाही जमणार," थोरले म्हणाले. "पण चल."

"तुमच्यासाठी येत नाही मी."

"माहीत आहे."

"सोमवारी येतो," धाकटा म्हणाला, आणि गाडीचं दार आपटून वर सासूबाईंकडे गेला.

सोमवारी तो आला. वाटेत तो थोरल्यांशी एक अक्षर बोलला नाही. वाचनालयाच्या दारात बाई उभ्या होत्या. थोरल्यांना पाहून त्यांनी हाताची घडी घातली आणि म्हणाल्या, "आलात? आम्हाला वाटलं, आता आमच्या पश्चात याल." मग त्यांना मागे उभा असलेला धाकटा दिसला.

"अगंबाई, तू!" बाईंचा चेहरा असा उजळला की थोरल्यांनी मान फिरवली. "अगं, बाहेर या गं सगळ्या, बघा कोण आलंय!"

आतून दोघी तिघी आल्या. कुणी त्याचं पावाचं पुराण विचारलं, कुणी सासूबाईंचा हात विचारला. आणि धाकटा, जो वाटभर दगडासारखा गप्प होता, तो हसला. थोरल्यांच्या छातीत तीच जुनी आग उठली, तशीच, तेवढीच. हॉस्पिटलातल्या त्या सकाळीनं ती विझली असेल अशी त्यांची भाबडी समजूत होती. ती काही विझली नव्हती, आणि यादीत अजून सगळं गाव बाकी होतं.

ते जिन्याखाली गेले, मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली. वर आले तेव्हा धाकटा छतापर्यंतच्या शिडीवर अर्धा चढला होता आणि खालच्या बायका त्याच्या कुठल्याशा बोलण्यावर हसत होत्या. शिडी जुनी होती, जराशी डुलत होती. कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. थोरले बायकांमधून वाट काढत पुढे गेले आणि त्यांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.